रविवार ठेवा, बाकीचे सोपवा

संक्षेपाने पत्र असे:

"मी चंदगड तालुक्यातील एका गावची आहे. शिवाजी विद्यापीठात एम. ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकते आणि वसतिगृहात राहते. दिवाळीनंतर आमच्यापैकी काही जण करवीर तालुक्यात एका गावाबाहेर उतरलेल्या ऊसतोड मजुरांच्या तळावर मुलांना शिकवायला जाऊ लागलो. सुरुवातीला फक्त रविवारी जात होते. मग बुधवार आणि शनिवारची संध्याकाळही त्यातच जाऊ लागली. कपडे, वह्या गोळा करणे, जमलेल्या पैशांचा हिशेब आणि गटातले सगळे निरोप हेही माझ्याकडेच आले. पहिल्या सत्रात दोन विषयांत गुण फार कमी मिळाले. पूर्वी माझ्या उशाशी नेहमी एखादे पुस्तक असे, आता झेरॉक्स नोट्सखेरीज काही वाचून होत नाही. वडील म्हणतात, 'तुला शिकायला पाठवलंय.' मार्चमध्ये ही मुले निघून जातील, पुन्हा कदाचित भेटणारही नाहीत. मग या सगळ्याचा उपयोग काय? हे काम आताच सोडावे का?"

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार.

काम सोडू नका, पण आज ज्या प्रमाणात करत आहात त्या प्रमाणात ते पुढे चालवूही नका. रविवार तुमच्याकडे ठेवा. बुधवार, शनिवार, कपडे, हिशेब आणि निरोप येत्या दोन आठवड्यांत इतरांच्या हाती सोपवा. मात्र जो रविवार ठेवाल तो तळ उठेपर्यंत चुकवू नका. माझे मत एवढेच आहे, आणि ते का, हे आता सविस्तर सांगते.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण उपयोगाविषयीची शंका मनात राहिली तर वेळापत्रक कितीही नीट आखले तरी ते टिकणार नाही. ऊसतोडीला येणारे कुटुंब मुलांची शाळा हौसेने बुडवत नाही. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशेब असतो, आणि दोघेही पाच-पाच महिने बाहेर राहणार असताना गावात मुलांना सांभाळणारे कोणी नसेल तर मुले गाडीत बसून सोबत येतात. दिवाळी सरली की बीडसारख्या जिल्ह्यांतून या टोळ्या आपल्याकडे उतरतात आणि गळीत हंगाम संपला की परततात. म्हणजे ते मूल जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत स्वतःच्या शाळेत बसते, त्यानंतरचा सगळा अभ्यासक्रम त्याच्या माघारी होतो आणि ते गावी पोहोचते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. इकडे आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात गेलेले असतात, नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत असते, आणि तिचा थोरला भाऊ वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला शिकत असतो. हे तुम्ही स्वतः पाहिले आहे, ते तुम्हाला वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

यातला कमी बोलला जाणारा भाग असा की हे नुकसान हळूहळू होते. दुसरीतल्या मुलाला दिवाळीपूर्वी जेमतेम जोडाक्षरे वाचता येऊ लागलेली असतात. त्यानंतर पाच महिने पुस्तक समोर आलेच नाही तर नुकतेच आलेले ते वाचन निसटते. मूल परत वर्गात बसते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि ते गप्प राहायला शिकते. असे तीन-चार हंगाम गेले की पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक जड जाते, आणि मग शाळा सोडण्याचा निर्णय कोणाला घ्यावाच लागत नाही, तो आपोआप झालेला असतो. तुमच्या रविवारने या मुलांचा पुढचा अभ्यास भरून निघणार नाही. परंतु दिवाळीपर्यंत जे येत होते ते मार्चमध्येही येत राहील एवढे त्यातून नक्की साधते, आणि वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलासाठी ही गोष्ट मोठी आहे. ती मुले पुढे तुम्हाला भेटतात की नाही यावर तिचे मोल अवलंबून नाही.

आता तुमच्या दमण्याविषयी. आपल्या कोल्हापूरला मदतीला धावून जाण्याची जुनी सवय आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरले तेव्हा तालमी, मंडळे, महाविद्यालयीन मुले-मुली रात्रंदिवस राबली. राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात, आणि पाणी चढू लागले की कोणी कोणाला बोलावण्याची वाट पाहत नाही. त्या कामात झोप, जेवण, अभ्यास सगळे बाजूला ठेवावे लागते आणि ते योग्यच असते, कारण पाणी काही दिवसांत उतरणार असते. तळावरचे काम पाच महिन्यांचे आहे. तुम्ही ते पुराच्या दिवसांतल्या वेगाने करत राहिलात, म्हणून थकलात. इथे धावण्यापेक्षा ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हजर असणे अधिक कामाचे आहे. मुलांच्या बाजूनेही हेच खरे आहे. ज्यांची शाळा, शेजार आणि शिक्षक दर काही महिन्यांनी बदलतात, त्यांना आठवड्यातून तीनदा येऊन फेब्रुवारीत अचानक दिसेनाशी होणारी ताई परवडत नाही. रविवारीच येणारी, पण नक्की येणारी ताई परवडते.

किती वेळ द्यावा याला एक चांगले माप आपल्या विद्यापीठांतच आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिने शिकणाऱ्या स्वयंसेवकासाठी वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४०, आणि शिवाय सात दिवसांचे एक विशेष शिबिर असे प्रमाण ठेवले. वर्षाच्या आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला दोन-अडीच तास होतात. तुमचा रविवार, दोन संध्याकाळी, जाण्यायेण्याचा वेळ, हिशेब आणि मोबाईलवरचे निरोप यांची बेरीज माझ्या अंदाजाने आठवड्याला बारा तासांच्या खाली येत नाही. म्हणजे तीन महिन्यांतच वर्षभराचे प्रमाण ओलांडून तुम्ही पुढे गेला आहात. गुण कमी पडण्याचे कारण तुमच्या बुद्धीत शोधू नका, ते या बेरजेत आहे. (त्या दोन विषयांपुरते म्हणायचे तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते का, त्याची मुदत कधी संपते, हे परीक्षा विभागाकडे लगेच विचारा आणि छायाप्रत मिळाली की ती घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांसमोर बसा. कमी गुण कुठल्या प्रकारच्या उत्तरात गेले हे दहा मिनिटांत कळते, आणि ते कळल्याशिवाय दुसऱ्या सत्राचा अभ्यास अंधारात होतो.)

जबाबदाऱ्या सोपवताना संकोच करू नका. पैशांचा हिशेब तर एकाच व्यक्तीकडे असूच नये. वहीत आजपर्यंतची जमा आणि खर्च लिहून, दोघांच्या सह्या घेऊन ती पुढे द्या. जुने कपडे गोळा करण्याचे काम गटाने काही काळ थांबवले तरी फारसे बिघडणार नाही असे मला वाटते. ते काम डोळ्यांत भरते, त्यात गर्दीही जमते, पण मुलाच्या वाचनाशी त्याचा संबंध थोडाच असतो. तळावर जाताना निदान दोघी-दोघे मिळून जा आणि उजेड असताना परता. हंगामात संध्याकाळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि मागे दिवे नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. बुधवारची संध्याकाळ सोडण्यासाठी मला एवढे एक कारणही पुरेसे वाटते.

तुमच्या गटाने एक गोष्ट अजून केलेली दिसत नाही, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. जवळची जिल्हा परिषदेची शाळा गाठा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून तो प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि नव्या ठिकाणच्या शाळेने त्या आधारे त्यांना वर्गात बसवून घ्यावे, अशी राज्यात पद्धत आहे. कोणाकडे ते कार्ड आहे, कोणाचे गावीच राहिले, कोणाला ते कधी मिळालेच नाही, याची यादी येत्या रविवारी करा. ती घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. तिथे अडचण आली तर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आहेत. भेटीला जाण्याआधी मुकादमाशी बोला. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, तळावर येत असेल तर त्याच्याही कानावर घाला, म्हणजे तुमच्या येण्याजाण्याबद्दल कोणाच्या मनात शंका राहणार नाही. उरलेल्या पाच-सहा आठवड्यांसाठी एवढा खटाटोप का, असे वाटेल. पण या आठवड्यांची हजेरी शाळेच्या नोंदीत आली तर ते मूल गावी परतल्यावर 'बाहेर गेलेले' राहत नाही, 'शिकत असलेले' राहते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याच करवीरच्या शिवारात ऊस तुटत असताना शेजारच्या शाळेत चार बाक मोकळे असावेत आणि मुले कोपीत बसलेली असावीत, हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटत नसणार.

रविवारच्या तासाविषयीही थोडे सांगते. तुम्ही पाठ्यपुस्तक घेऊन बसता असे लिहिले आहे. ते असू द्या, पण त्याने सुरुवात करू नका. मराठवाड्यातून आलेल्या मुलांच्या घरची मराठी पुस्तकातल्या मराठीहून निराळी असते, आणि काही घरांत बंजारा बोली बोलतात. एका मुलाला काल काय घडले ते सांगायला लावा, तो बोलेल तसे, त्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत फळ्यावर किंवा कागदावर लिहा आणि मग सगळ्यांनी मिळून ते वाचा. बैल, कोयता, टायरगाडी, मोळी हे शब्द त्या मुलांना ठाऊकच असतात. ते लिहिलेले दिसले की अक्षरे ओळखीची होतात. त्यानंतर एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यातून दर आठवड्याला एक गोष्ट निवडून छापून नेणे तुमच्या गटाला सहज जमेल. गोष्ट अर्धी वाचून थांबू नका. पुढच्या रविवारी तेच मूल तिथे असेलच असे सांगता येत नाही, टोळी मध्येच दुसऱ्या फडावर हलू शकते.

आता तुमचे स्वतःचे वाचन. पत्रातल्या त्या एका वाक्याने मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली, गुणांपेक्षाही जास्त. तुम्ही मुलांना वाचायला शिकवत आहात आणि तुमच्या हातून पुस्तक सुटले आहे. हा त्याग समजून स्वीकारू नका. ज्या वयात दिवसाचे दोन तास वाचायला मिळतात आणि चालत जाण्याच्या अंतरावर मोठे ग्रंथालय असते, ते वय फार थोडी वर्षे टिकते. नोकरी, घर, प्रवास सुरू झाला की हे परत मिळवायला माणसाला झगडावे लागते. म्हणून विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातली एक वेळ ठरवा. शक्यतो ती सकाळची, तासांच्या आधीची असावी, कारण वसतिगृहातली संध्याकाळ मेसच्या रांगेत, खोलीतल्या गप्पांत आणि उद्याच्या टिपणांत जाते. त्या वेळेत पहिला भाग मूळ ग्रंथासाठी आणि दुसरा भाग तुमच्या आवडीच्या पुस्तकासाठी ठेवा. नोट्सना तिथे जागा देऊ नका, त्यांच्यासाठी दुपार आहे. समाजशास्त्रात स्थलांतर, श्रम, जात, कुटुंब यांविषयीचे मूळ लेखन वाचले नाही तर तळावर पाहिलेले प्रश्नही डोळ्यांपुढून नुसते निघून जातील. तुमची सगळी हळहळ एकेका मुलाभोवती राहील आणि उचल, मुकादम व कोयता यांची व्यवस्था कशी चालते हा मोठा प्रश्न समोर येणारच नाही. तुमच्या बाबतीत वाचन आणि काम एकमेकांचे वैरी नाहीत. आज फक्त एकाने दुसऱ्याची जागा घेतली आहे.

महिन्यातून एखाद्या दिवशी विद्यापीठाबाहेरच्या ग्रंथालयातही जा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला, जो देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. मद्रासचा कायदा त्यानंतर १९४८ मध्ये आला. वाचन ही सर्वांची सोय आहे, ती गावाने आणि राज्याने करून द्यायची असते, हा विचार ज्या शहराने इतक्या लवकर कायद्यात लिहिला, तिथे शिकणाऱ्या मुलीने आपल्या वाचनाचा तास काढताना अपराधी वाटून घेऊ नये.

वडिलांविषयी लिहिताना मला जपून लिहावेसे वाटते. त्यांचे वाक्य तुम्हाला लागले आहे, पण ते चुकीचे नाही. शंभर किलोमीटरहून दूर मुलीला ठेवणे, मेसचे आणि फीचे पैसे वेळेवर पाठवणे आणि गावात 'पोरगी काय करते' या प्रश्नाला उत्तर देत राहणे हे सोपे नाही. त्यांना सेवेचे महत्त्व पटवून देऊ नका. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून, म्हणजे १९०१ पासून, या शहरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि दूरच्या खेड्यांतली मुले त्यामुळेच शिकली, हा इतिहास खरा आहे आणि तुम्हाला बळ देणारा आहे. पण वडिलांशी बोलताना तो उत्तर म्हणून वापरू नका. होळीला घरी जाल तेव्हा नवे वेळापत्रक आणि दोन विषयांच्या तयारीचा कागद बरोबर न्या, बुधवार-शनिवार सोडल्याचे सांगा आणि रविवार का ठेवला तेही सांगा. त्यांनी लगेच मान डोलावली नाही तरी चालेल. दुसऱ्या सत्राचा निकाल हाती आला की हे बोलणे सोपे होईल.

एक सूचना तुम्ही न विचारता करते. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला या तळावर क्षेत्रीय प्रकल्प करावा असे सुचवले जाईल, किंवा तुमच्याच मनात येईल. कराच, हरकत नाही, पण मग मुलांच्या आई-वडिलांना ते आधी स्पष्ट सांगा, त्यांनी नाही म्हटले तर तो विषय तिथेच सोडा, आणि जी मुलगी तुम्हाला 'ताई' म्हणून काही सांगते ते तिच्या नावाने प्रकल्पात घालू नका. मुलांची छायाचित्रे मोबाईलच्या स्टेटसवर लावण्याची रीत गटात असेल तर ती आजच बंद करा.

तळ उठण्याचा दिवस नेमका आधी कळत नाही. कारखान्याचा ऊस संपत आला की चार दिवसांत गाड्या भरल्या जातात. म्हणून मार्चचा पहिला रविवार शेवटचाच आहे असे धरून तयारी ठेवा. प्रत्येक मुलाचे एक पान करा: नाव, गाव, मूळ शाळा, इयत्ता, दिवाळीत काय वाचता येत होते, आता काय येते, गणितात कुठे अडते. साध्या मराठीत, अर्ध्या पानात. एक प्रत आईकडे द्या, ती शिक्षण हमी कार्डासोबत ठेवायला सांगा, आणि दुसऱ्या प्रतीचा फोटो मूळ शाळेच्या शिक्षकांना पाठवा. शाळेचे नाव कळले की त्यांचा क्रमांक मिळवणे अवघड नाही. मुलांना मात्र आधीच्या रविवारीच सांगा की हंगाम संपतो आहे, तुम्ही गावी जाणार, मी इथे परीक्षा देणार. 'पुढच्या वर्षी नक्की भेटू' असे म्हणू नका, कारण टोळी पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्याला जाईल हे ना तुम्हाला माहीत आहे, ना त्यांना. जी गोष्ट त्या दिवशी वाचायची ती थोडी मोठी निवडा आणि पूर्ण वाचा. सोमवारी सकाळी ग्रंथालयात तुमची वेळ असेलच.

तुमच्या अभ्यासाला आणि तुमच्या रविवारला मनापासून शुभेच्छा.